खांद्याचा गोळा खचण्याआधी: सिकलसेलच्या रुग्णांसाठी सांधा वाचवणारी शस्त्रक्रिया, पायरी-पायरीने

खांद्याच्या एव्हीएनमध्ये (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरणं) सगळं काही वेळेवर अवलंबून असतं. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याचा रक्तपुरवठा तुटला की आतलं हाड मरतं. मेलेलं हाड लगेच मोडत नाही. काही महिने, कधी काही वर्षं ते आपला आकार धरून राहतं. एवढ्या अवधीत लहानशा छेदातून गोळ्यात ड्रिल करून आतला दाब उतरवता येतो आणि स्वतःचा सांधा वाचण्याची चांगली शक्यता असते. गोळा एकदा खचला, की त्याच शस्त्रक्रियेचा उपयोग फार थोडा उरतो.

मी नागपुरात फिजिओथेरपी करते. विदर्भात काम करताना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार टाळून पुढे जाता येत नाही, कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि तरुण वयात खांदा किंवा खुबा निकामी होण्यामागे सिकलसेल हे मोठं कारण आहे. त्यामुळे हा लेख मुख्यतः सिकलसेलग्रस्तांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. स्टेरॉइडचे मोठे डोस, दारू, ल्युपस, किडनी प्रत्यारोपण किंवा खांद्याचं जुनं फ्रॅक्चर यांमुळे एव्हीएन झाला असेल, तरी शस्त्रक्रियेचा भाग तुम्हालाही तसाच लागू आहे. रक्त, ऑक्सिजन आणि छातीच्या काळजीचा भाग मात्र खास सिकलसेलचा.

गोळ्यात नेमकं काय होतं

ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. हाडाच्या मगजातल्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. पुढचं रक्त थांबतं, मगजाला सूज येते. बाकी शरीरात सूज आली तर मांस ताणलं जातं, जागा होते. हाडात तशी सोय नाही. चारही बाजूंनी कडक भिंत असल्यामुळे आतला दाब वाढतो आणि ज्या वाहिन्या अजून चालू होत्या त्याही दबतात. शस्त्रक्रियेचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे: भिंतीला भोक पाडा, दाब उतरवा, नव्या रक्तवाहिन्यांना आत यायला वाट द्या. डॉक्टर हिला कोअर डीकॉम्प्रेशन म्हणतात.

मेलेला भाग बहुतेक वेळा गोळ्याच्या वरच्या-मधल्या पट्ट्यात असतो. हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलला की नेमका हाच पट्टा समोरच्या, फऱ्याच्या हाडातल्या खोबणीवर दाबला जातो. वरची कूर्चा, म्हणजे गोळ्यावरचं मऊ आवरण, गुळगुळीत आणि शाबूत दिसते, तिच्या खालचं हाड मात्र वाळवी लागलेल्या चौकटीसारखं झालेलं असतं. कूर्चेखालचा तो थर तुटला की गोळा सपाट होतो, आणि सपाट गोळा पुन्हा गोल होत नाही.

खुब्यापेक्षा खांदा सावकाश बिघडतो. त्यावर शरीराचं वजन येत नाही, आणि सांधा कमी हलला तरी फऱ्याचं हाड पाठीवर सरकून हात बराच वर नेतं. याचा एक तोटा होतो: माणसाला पत्ताच लागत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांहून जास्त सिकलसेल रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्या खांद्यात एव्हीएन सापडला, त्यांतल्या साधारण पाचातल्या एकालाच निदानाच्या वेळी दुखणं किंवा हालचालीची अडचण होती.

पहिली पायरी: हे दुखणं दुसऱ्या दुखण्यांपासून वेगळं काढा

सिकलसेलच्या माणसाला दुखण्याची सवय असते. क्रायसिस (पेशी अडकून येणारी दुखण्याची लाट) येतो, सगळं अंग ठणकतं, सलाईन आणि गोळ्यांनी चार-सहा दिवसांत उतरतं. एव्हीएनचं दुखणं त्यापेक्षा वेगळं वागतं. क्रायसिस उतरल्यावरही एकच खांदा दुखत राहतो. दुखणं खोल असतं, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, दंडाच्या बाहेरच्या बाजूने कोपराकडे उतरतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. फळीवरचा डबा काढताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना कळ येते. सहा आठवडे उलटूनही असं चाललं असेल, तर तो क्रायसिस समजून घरी बसू नका.

सर्वांत जास्त गफलत होते ती फ्रोझन शोल्डरशी, म्हणजे आखडलेल्या खांद्याशी. दोन्हींत खांदा दुखतो, दोन्हींत रात्र वाईट जाते. फरक ओळखायची एक साधी तपासणी घरी करता येते. रुग्णाला पाठीवर झोपवा. कोपर कमरेला चिकटलेलं, काटकोनात वाकवलेलं, पंजा छताकडे. आता रुग्णाने हात सैल सोडायचा आणि दुसऱ्याने मनगट धरून हळूच बाहेरच्या बाजूला न्यायचं. फ्रोझन शोल्डरमध्ये हात थोडासा जाऊन अडतो, कितीही सैल सोडला तरी पुढे जात नाही. सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये हात जातो, पण दुखतो. ही तपासणी निदान नव्हे. पण पंचवीस वर्षांच्या, मधुमेह नसलेल्या, सिकलसेल असलेल्या मुलाला कुणी "फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा" असं सांगितलं असेल आणि त्याचा हात असा बाहेर जात असेल, तर एमआरआयचा आग्रह धरायला हे कारण पुरेसं आहे. एक्स-रे आणि एमआरआय होईपर्यंत खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका.

दुसरी गोष्ट तातडीची. खांदा दुखतोय, गरम लागतोय, वर ताप आहे आणि हात जराही हलवू देत नाही, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. सिकलसेलमध्ये साल्मोनेला जंतूमुळे हाडात पू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

दुसरी पायरी: एक्स-रे, मग एमआरआय, आणि खुबे विसरू नका

एक्स-रे आधी काढतात, पण सुरुवातीच्या टप्प्यात तो पूर्ण नॉर्मल येतो. "एक्स-रे चांगला आहे" हे वाक्य ऐकून फाइल बंद करणारे रुग्ण फार आहेत, आणि वेळ तिथेच जातो. हाड मेल्याची खूण एमआरआयमध्ये आधी दिसते. एक्स-रे काढताना हात बाहेरच्या बाजूला फिरवून काढलेली फिल्म आणि काखेतून काढलेली फिल्म, दोन्ही मागा. एका कोनात लपलेला भाग दुसऱ्यात दिसतो. एमआरआयमध्ये शंका राहिली आणि कूर्चेखालचा थर तुटला आहे का हे ठरवायचं असेल, तर काही शल्यचिकित्सक सीटी स्कॅनही करतात.

एमआरआय करताना दुसरा खांदा आणि दोन्ही खुबे यांचीही चौकशी करा. हा आजार बहुतेक वेळा एकाच सांध्यावर थांबत नाही. खुब्याचं आधी कळणं खांद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे, कारण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या किंवा वॉकर लागतो आणि ते सगळं वजन खांद्यांवर येतं. नुकतंच ड्रिल केलेल्या गोळ्याला ते सोसत नाही. कोणता सांधा आधी करायचा आणि दोन शस्त्रक्रियांत किती अंतर ठेवायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

तिसरी पायरी: स्टेज समजून घ्या, निर्णय तिच्यावर आहे

खांद्यासाठी क्रूस यांची पाच टप्प्यांची वर्गवारी वापरतात. पहिल्या स्टेजला एक्स-रे नॉर्मल, एमआरआयमध्ये बदल. दुसऱ्या स्टेजला एक्स-रेमध्ये पांढुरके पट्टे किंवा डाग, पण गोळा गोल. तिसऱ्या स्टेजला कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते, म्हणजे थर तुटला आहे. चौथ्याला गोळा खचून सपाट. पाचव्याला समोरची खोबणीही झिजलेली.

१९९८ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोअर डीकॉम्प्रेशन केलेल्या ६३ खांद्यांचा सरासरी १० वर्षं पाठपुरावा आहे. पहिल्या स्टेजमधल्या १६ पैकी १५ खांद्यांना चांगला निकाल मिळाला, दुसऱ्या स्टेजमधल्या १७ पैकी १५, तिसऱ्यातल्या २३ पैकी १६. चौथ्या स्टेजमध्ये ७ पैकी फक्त १. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. "आधी हे लहान ऑपरेशन करून बघू, नाही जमलं तर सांधा बदलू" असं चौथ्या स्टेजच्या रुग्णाला कुणी सांगितलं, तर यातून नेमका काय फायदा होणार, हे स्पष्ट विचारायला हवं.

हे आकडे सिकलसेलचे म्हणून वाचू नका. सिकलसेलमध्ये मूळ आजार चालूच राहतो, त्यामुळे यश याहून कमी धरून चाला. आणखी एक प्रामाणिक गोष्ट. २००६ मध्ये अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांच्या खुब्यावर एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना फक्त फिजिओथेरपी दिली, काहींना कोअर डीकॉम्प्रेशन आणि फिजिओथेरपी. तीन वर्षांनी दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. चाचणी लहान होती आणि खुब्याची होती, खांद्याची नव्हे. तरीही तिच्यातून मी दोन गोष्टी घेते. एक, पहिल्या स्टेजमध्ये आणि फारसं दुखत नसताना आधी भार कमी करणं आणि शिस्तीत व्यायाम करणं हा रास्त मार्ग आहे, मात्र दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे हवा. दोन, शस्त्रक्रिया झाली म्हणून व्यायाम दुय्यम होत नाही.

मग ड्रिल कुणी करून घ्यावं? माझ्या मते ज्याचा गोळा गोल आहे, दुखणं रात्रीची झोप मोडतंय आणि काही महिन्यांच्या नीट उपचारानेही हटत नाही, त्याने. वय जितकं कमी तितका हा विचार जास्त करावा. तिशीच्या आत कृत्रिम सांधा बसवला तर तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी असते, आणि सिकलसेलमध्ये हाडाची आतली नळी ठिकठिकाणी दगडासारखी कडक झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त असतो. तिसऱ्या स्टेजला निर्णय अवघड आहे. तिथे डाग किती मोठा, गोळा कितपत खचलाय, हे पाहून शल्यचिकित्सकाशी सविस्तर बोला.

मगजातल्या पेशी कमरेच्या हाडातून काढून, त्या घट्ट करून ड्रिलच्या वाटेने गोळ्यात सोडण्याची पद्धतही आहे. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू यांनी खुब्यावर यासंबंधी बरंच काम केलं आहे. खांद्याबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे. कुणी "स्टेम सेल" म्हणून मोठी रक्कम सांगितली तर साध्या ड्रिलिंगपेक्षा तुमच्या स्टेजमध्ये किती जास्त फायदा होईल, हे विचारा. हाडं बळकट करणाऱ्या अलेंड्रोनेटसारख्या गोळ्यांचंही तेच. खांद्यासाठी त्यांच्यावर विसंबून वेळ घालवू नये.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेआधीची तयारी

ड्रिलचं काम बहुधा तासाभरात संपतं. धोका असतो तो भुलेत आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने ही शस्त्रक्रिया अशाच ठिकाणी करावी, जिथे ऑर्थोच्या जोडीला फिजिशियन किंवा रक्तविकारतज्ज्ञ आहे आणि रक्तपेढी हाताशी आहे.

तारीख ठरवताना ऋतू बघा. धान रोवणीत गुडघाभर पाण्यात उभं राहून नुकताच क्रायसिस आला असेल, किंवा थंडी ऐन भरात असेल, तर थोडं थांबा. आपल्याकडच्या लोकांच्या दृष्टीने रोवणी आणि कापूस वेचणी टाळून येणारी तारीख चांगली, कारण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने हात कामाला लावता येणार नाही आणि घरातला एक कामाचा माणूस कमी पडणार आहे. हे आधीच बोलून ठेवलं नाही तर सहाव्या आठवड्यातच माणूस शेतात जातो.

रक्ताची तयारी अशी: हिमोग्लोबिन, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, एचपीएलसीचा (सिकलसेलचं निदान करणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट, रक्तगट आणि अँटिबॉडी तपासणी. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या अंगात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. जुळणारं रक्त शोधायला वेळ लागतो, म्हणून नमुना आधीच द्या. याआधी कधी, किती पिशव्या चढल्या आणि काही त्रास झाला का, हे कागदावर लिहून न्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर बहुधा १० ग्रॅमच्या आसपास आणतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅप्स चाचणीत शस्त्रक्रियेआधी रक्त दिलेल्या रुग्णांना नंतरचा त्रास, विशेषतः छातीचा, कमी झाला होता. पण "जास्त रक्त म्हणजे जास्त ताकद" असं इथे चालत नाही. हिमोग्लोबिन फार वर नेलं तर रक्त घट्ट होतं आणि वाहिन्या पुन्हा तुंबतात. ज्यांचं हिमोग्लोबिन मुळातच १०च्या वर असतं, त्यांच्या बाबतीत रक्तविकारतज्ज्ञाचाच सल्ला घ्या.

हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज चालू असतील तर सांगा. सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते. न्यूमोनियाची लस झाली आहे का ते बघा.

उपाशी राहण्याबद्दल नीट विचारा. रात्रीपासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंब न घेता पडून राहणं सिकलसेलच्या माणसासाठी चांगलं नाही. "माझा नंबर सकाळी पहिला लावा, आणि पाणी बंद झाल्यापासून सलाईन सुरू करा" अशी विनंती करायला संकोचू नका.

भूलतज्ज्ञाला एक प्रश्न आवर्जून विचारा. खांद्याच्या शस्त्रक्रियेत मानेच्या बाजूला ब्लॉक देतात. त्याने दुखणं छान थांबतं, पण नेहमीच्या पद्धतीने दिलेल्या या ब्लॉकमुळे त्याच बाजूचा श्वासपटल काही तास ढिला पडतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. ज्याला आधी छातीचा क्रायसिस (सिकलसेलमुळे फुप्फुसाला होणारा त्रास) होऊन गेला आहे किंवा ज्याचं फुप्फुस कमजोर आहे, त्याला ते जड जाऊ शकतं. कमी मात्रेचा किंवा खांद्याच्या मागून देण्याचा दुसरा ब्लॉक असतो. जुना छातीचा त्रास सांगितल्याशिवाय भूलतज्ज्ञाला हे ठरवता येणार नाही.

पाचवी पायरी: ऑपरेशन थिएटरमध्ये

रुग्णाला आरामखुर्चीत टेकल्यासारखं अर्धवट बसवतात. खोलीतला एसी, थंड सलाईन आणि उघडं अंग ही सिकलसेलची शत्रू मंडळी. गरम पांघरूण आणि कोमट सलाईन मागून घ्या. ऑक्सिजन सुरूच असतो.

सी-आर्म म्हणजे चालता एक्स-रे डोक्याशी लावलेला असतो. दंडाच्या बाहेरच्या किंवा पुढच्या बाजूने लहान छेद घेऊन, स्नायूंच्या मधून वाट काढून हाडापर्यंत जातात. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. खांद्याच्या टोकापासून साधारण पाच सेंटिमीटर खाली अ‍ॅक्सिलरी नस आडवी जाते; तिला धक्का लागला तर दंडाचा बाहेरचा भाग बधिर होतो आणि हात उचलणारा स्नायू कमजोर पडतो. दुसरं, दंडाच्या पुढच्या खाचेच्या कडेने एक धमनी वर चढून गोळ्यात शिरते. रक्त वाढवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत तीच तुटायला नको.

मग पडद्यावर बघत पिन मेलेल्या भागात नेतात. जुन्या पद्धतीत जाड पोकळ ड्रिलने हाडाची कांडी काढायचे. आता बरेच जण साधारण तीन मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने, एकाच भोकातून दिशा बदलत दोन-तीन वाटा करतात. त्यात हाड कमी कमजोर होतं आणि छेद एका टाक्यात मिटतो. ड्रिल कूर्चेच्या अलीकडे थांबलं पाहिजे. दोन कोनांतून पडद्यावर खात्री न करता पुढे गेलं तर ते सांध्यात निघतं, म्हणून हे काम अनुभवी हाताचं. काढलेलं हाड पॅथॉलॉजीला आणि संसर्गाची जराही शंका असेल तर कल्चरलाही (जंतू आहेत का ते बघणाऱ्या तपासणीला) पाठवायला सांगा.

काही वेळा सोबत दुर्बिणीनेही सांधा बघतात. कूर्चा कितपत टिकली आहे ते कळतं, सुटे तुकडे असतील तर काढता येतात. गोळा अपेक्षेपेक्षा जास्त खचलेला निघाला तर काय करणार, हे आधी विचारून, लिहून घ्या. संमतीपत्रावर सही करताना सांधा बदलण्याचीही परवानगी त्यात आहे का, ते वाचा.

सहावी पायरी: रुग्णालयातले दिवस

इतरांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. सिकलसेलच्या रुग्णाने दोन-तीन दिवस राहावं. या काळात श्वासाचा व्यायाम खांद्याच्या व्यायामापेक्षा महत्त्वाचा आहे. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळण्यासारखं यंत्र मिळतं. जागेपणी दर तासाला दहा वेळा त्यातून सावकाश श्वास आत ओढायचा. फुंकायचा नाही, ओढायचा. नातेवाइकाने घड्याळ लावून हे करून घ्यावं. पाणी भरपूर, दुखण्याची गोळी वेळेवर. दुखतंय म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, आणि छातीचा त्रास तिथूनच सुरू होतो.

ताप, छातीत दुखणं, धाप, ऑक्सिजन खाली येणं, यांतलं काहीही झालं तर लगेच नर्सला बोलवा. घरी गेल्यानंतर दहा-बारा दिवसांत झालं तरी थेट रुग्णालयात या. गावच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घेऊन थांबू नका. दंडाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंज्याएवढी जागा ब्लॉक उतरल्यावरही बधिर राहिली, तर तेही सांगायचं.

सातवी पायरी: घरी आल्यावर

तुमच्या शल्यचिकित्सकाच्या सूचना आधी, माझ्या नंतर. साधारण वाटचाल अशी असते.

स्लिंग आधारासाठी आहे, काही दिवस ते दोन आठवडे. ती महिनाभर बांधून ठेवली तर खांदा खरोखर आखडतो. पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवा. मग लंबकाचा व्यायाम: टेबलापाशी उभं राहून चांगला हात टेबलावर ठेवा, कमरेत वाका, दुखरा हात पूर्ण सैल लोंबू द्या. आता कंबर पुढे-मागे हलवा म्हणजे हात आपोआप हलेल. बहुतेक जण हात स्वतः फिरवतात, मग खांद्याचे स्नायू ताठ होतात आणि व्यायामाचा हेतूच जातो. पाणी भरलेली बाटली हातात धरून हा व्यायाम करू नका.

टाके निघाल्यावर पाठीवर झोपून, दोन्ही हातांत काठी धरून, चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याकडे न्यायचा. तसंच काठीने हात बाहेरच्या बाजूला. दोन्ही फऱ्यांची हाडं मागे एकमेकांकडे खेचून पाच आकडे म्हणेपर्यंत धरायची. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात शमलं तर प्रमाण बरोबर. रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. शेक चालेल. बर्फ नको, सिकलसेलमध्ये थंडावा त्रास वाढवतो.

पहिले सहा आठवडे भरलेल्या चहाच्या कपाहून जड काही उचलायचं नाही. त्याहून महत्त्वाचं, हातावर भार द्यायचा नाही. जमिनीवरून उठताना हात टेकणं, खाटेवरून ढकलून उठणं, हापशी मारणं, बादली ओढणं, मोटारसायकलचं हँडल धरून खड्ड्यांतून जाणं, हे सगळं भारच आहे. ड्रिलचं भोक भरेपर्यंत तिथलं हाड कमजोर असतं आणि धक्क्याने ते मोडू शकतं. जेवायला-बसायला खुर्ची, संडासात चांगल्या हाताच्या बाजूला धरायला पाइप, आणि रोजचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर, एवढी सोय शस्त्रक्रियेला जाण्याआधीच करून ठेवा. खांद्याच्या उंचीवर हात धरून करायची कामं सर्वांत उशिरा सुरू करायची, कारण मेलेला पट्टा त्याच कोनात सर्वांत जास्त दाबला जातो.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेत सगळं ठीक असेल तर ताकदीचे व्यायाम: आधी भिंतीला हात दाबून, मग रबरी पट्ट्याने. जड कामाला साधारण तीन महिन्यांनी, तेही एक्स-रे पाहून. डोक्यावर ओझं वाहणं, पोती उचलणं, कुऱ्हाड चालवणं, जिममध्ये वजन डोक्यावर नेणं मात्र कायमचं सोडून दिलेलं बरं. ज्याचं पोट याच कामावर आहे, त्याला हे सांगणं सोपं नसतं. पण शस्त्रक्रियेआधी सांगितलं तर तो दुसऱ्या कामाचा विचार तरी करू शकतो.

कागदपत्रं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट सोबत न्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एसटीतही सिकलसेल रुग्णांना प्रवास सवलत आहे. तपासणीच्या फेऱ्या बऱ्याच होतात, तेव्हा तिची चौकशी आगारात करून ठेवा.

पुढची तपासणी

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि मग दर वर्षी एक्स-रे. दुखणं कमी झालं तरी हे चुकवू नका, कारण गोळा न दुखताही खचू शकतो. कमी झालेलं दुखणं पुन्हा रात्री उठवायला लागलं, खांद्यात कटकट वाजून हात अडायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा. पुढे कधी सांधा बदलावा लागलाच, तर आधी केलेल्या ड्रिलमुळे त्या शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही. दुसरा खांदा दुखू लागला तर त्याचा एमआरआय लगेच करा. पहिल्या खांद्याला जो उशीर झाला तो इथे टाळता येतो.

जुन्या फिल्म टाकू नका, घडीही घालू नका. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि डावा की उजवा हे लिहा, सीडी असेल तर तीही त्याच पिशवीत ठेवा, आणि दर भेटीला सगळं सोबत न्या. सहा महिन्यांपूर्वीचा एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय गोळा तसाच आहे की थोडा बसला आहे, हे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही.